विश्लेषण : ‘नव्या संयुगाने जिवाणू मारले’ म्हणजे नेमके काय सिद्ध झाले?

दर काही आठवड्यांनी अशी एक बातमी येतेच. विद्यापीठातील रसायनशास्त्र विभागाने नवे संयुग तयार केले, ते जिवाणू आणि बुरशी या दोन्हींवर प्रभावी ठरले, औषधांना दाद न देणाऱ्या संसर्गावर आता उपाय सापडण्याची आशा. सोबत छायाचित्र असते : काचेची गोल थाळी, तिच्यात जिवाणूंचा धुरकट थर आणि त्या थरात नाण्याएवढे स्वच्छ वर्तुळ. बातमी खोटी नसते. ते वर्तुळ खरेच पडलेले असते. पण फिनाइलचा थेंब टाकला तरी वर्तुळ पडते. मग या दोहोंत फरक कसा करायचा, कोणता आकडा पाहायचा आणि वर्तुळापासून औषधापर्यंत किती चाळण्या लागतात, याचा हा आढावा.

नवी संयुगे तपासण्याची गरज का?

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज ‘द लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. अशा संसर्गाचा काही ना काही वाटा असलेले सगळे मृत्यू धरले, तर आकडा ४९ लाख ५० हजारांवर जातो.

जुनी प्रतिजैविके बहुतांशी निसर्गाने दिलेली. पेनिसिलिन बुरशीतून आले, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या सूक्ष्मजीवातून. पुढे मातीचे नमुने कितीही तपासले तरी तेच ते रेणू पुन्हा हाती लागू लागले आणि प्रयोगशाळेत बनवलेल्या कृत्रिम संयुगांवरची भिस्त वाढली. त्यात योगायोगही कामी आले. अमेरिकेतील स्टर्लिंग-विन्थ्रॉप कंपनीत जॉर्ज लेशर यांच्या गटाला मलेरियावरील क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपउत्पादनात जिवाणूरोधक गुण दिसला. त्यातून १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड आले आणि त्याच घराण्यात पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन जन्मले, जे आज बहुतेक घरांतल्या औषधांच्या डब्यात कधी ना कधी येऊन गेलेले असते.

म्हणजे नवा रेणू बनवला की तो जिवाणूंवर तपासून पाहणे हे वाया जाणारे काम नाही. प्रश्न तपासण्याच्या पद्धतीचा आणि त्यातून काढलेल्या निष्कर्षाचा आहे.

थाळीतली चाचणी कशी होते?

छायाचित्रात दिसणारी पद्धत सर्वात जुनी आणि स्वस्त. पेट्री डिशमध्ये म्युलर-हिंटन अगार नावाचे जेलीसारखे खाद्य ओततात. त्याची जाडी ४ मिलिमीटर असावी लागते. मग जिवाणूंचे द्रावण तयार करतात. ते किती गढूळ असावे याचेही प्रमाण ठरलेले आहे. त्या गढूळपणाला प्रति मिलिलिटर साधारण १५ कोटी जिवाणू असतात. निर्जंतुक कापसाच्या बोळ्याने ते अगारवर सारखे पसरवतात, त्यावर संयुगात भिजवलेली ६ मिलिमीटरची कागदी चकती ठेवतात आणि डिश ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास उबवतात. सकाळी डिश उघडली की जिथे जिवाणू वाढले तिथे थर दिसतो. चकतीतून झिरपलेल्या संयुगाने जिथे त्यांना वाढू दिले नाही, तिथे स्वच्छ वर्तुळ. पट्टी लावून त्याचा व्यास मोजायचा.

सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठातील बाउअर, किर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचे प्रमाणीकरण केले. आजही रुग्णाच्या लघवीच्या ‘कल्चर’ अहवालात कोणते औषध चालेल, कोणते नाही, हे अनेक प्रयोगशाळा याच पद्धतीने सांगतात. तिथे ती चोख चालते, कारण तपासले जाणारे प्रत्येक औषध ओळखीचे असते. चकतीत ते किती आहे आणि किती मिलिमीटरचे वर्तुळ म्हणजे रुग्णावर परिणाम होईल, याचे तक्ते वर्षानुवर्षांच्या अनुभवातून तयार झालेले आहेत. काल बनवलेल्या संयुगासाठी असा तक्ता कुठून आणणार?

वर्तुळ मोठे म्हणजे संयुग जोरकस?

नाही. अगारमध्ये वर्तुळ किती पसरेल हे दोन गोष्टींवर ठरते : संयुग जिवाणूंना किती रोखते आणि ते जेलीतून किती वेगाने सरकते. आकाराने लहान, पाण्यात विरघळणारा रेणू भराभर पसरतो. मोठा किंवा तेलकट स्वभावाचा रेणू चकतीपाशीच अडकून बसतो. कोलिस्टिन हे याचे ठळक उदाहरण. बाकी सगळी औषधे हरली की अतिदक्षता विभागात बाहेर काढले जाणारे हे प्रतिजैविक अगारमधून इतके मंद सरकते, की त्याची संवेदनशीलता चकतीच्या चाचणीने ठरवू नये, असा आंतरराष्ट्रीय मानकांचाच दंडक आहे. त्यामुळे दोन नव्या संयुगांची वर्तुळे १४ आणि १८ मिलिमीटर आली म्हणून दुसरे सरस, हा निष्कर्ष काढता येत नाही. शोधनिबंधांत मात्र तो सर्रास काढलेला दिसतो.

एमआयसी म्हणजे काय?

वर्तुळानंतरची आणि खरी कामाची चाचणी द्रवात होते. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या पाटीत ९६ छोटे खळगे असतात, आठ ओळी आणि बारा स्तंभ. पहिल्या खळग्यात संयुगाचे प्रमाण समजा प्रति मिलिलिटर ६४ मायक्रोग्रॅम. पुढच्यात त्याच्या निम्मे, ३२. मग १६, ८, ४, २, १ असे दहा खळग्यांपर्यंत निम्मे करत जायचे. प्रत्येक खळग्यात प्रति मिलिलिटर सुमारे ५ लाख जिवाणू सोडायचे. अकरावा स्तंभ संयुगाविना : तिथे जिवाणू वाढलेच पाहिजेत. बारावा जिवाणूंविना : तिथे काहीच वाढता कामा नये. दुसऱ्या दिवशी पाटी उजेडात धरली की काही खळगे गढूळ दिसतात, काही नितळ. ज्या सर्वात कमी प्रमाणाला खळगा नितळ राहिला, ते प्रमाण म्हणजे ‘मिनिमम इनहिबिटरी कॉन्सन्ट्रेशन’, थोडक्यात एमआयसी. आकडा जितका लहान, तितके संयुग जोरकस.

प्रत्येक पायरीला प्रमाण निम्मे होत असल्याने या मोजपट्टीला मधले आकडे नाहीत. शिवाय एका पायरीचा फरक चाचणीच्या नैसर्गिक चढउतारात मोडतो. एकाची एमआयसी ८ आली आणि दुसऱ्याची १६, तर पहिले ‘दुप्पट प्रभावी’ म्हणणे म्हणजे डिजिटल काट्याचा शेवटचा थरथरणारा आकडा वाचण्यासारखे आहे.

नितळ खळगा आणखी एक गोष्ट सांगत नाही. जिवाणू मेले की नुसते वाढायचे थांबले? ते पाहण्यासाठी नितळ खळग्यातला थेंब ताज्या अगारवर पसरवतात. ९९.९ टक्के जिवाणू मेले असतील, म्हणजे ५ लाखांपैकी जेमतेम ५०० उरले असतील, तर संयुगाला मारक म्हणतात. अन्यथा ते फक्त रोधक. बातमीच्या मथळ्यातले ‘मारले’ अनेकदा प्रत्यक्षात ‘रोखले’ असते. रोधक असणे हा काही दोष नव्हे. लिनेझोलिडसारखे महत्त्वाचे औषध स्टॅफिलोकॉकसला मारत नाही, रोखून धरते आणि उरलेले काम रुग्णाची प्रतिकारशक्ती करते.

आकडा किती असावा?

इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. ई. कोलायच्या एटीसीसी २५९२२ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित वाणावर सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर यावी लागते. त्याबाहेर आली तर आधी चाचणीतच चूक झाली असे धरतात. दुसरीकडे, ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तात या औषधाची सर्वोच्च पातळी साधारण २.४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकी जाते. म्हणजे लागते त्याच्या शेकडो पट औषध रक्तात पोहोचते.

आता एखाद्या नव्या संयुगाची एमआयसी २५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे असे धरू. असे आकडे ‘चांगली जिवाणूरोधक क्रिया’ या शब्दांत छापून येतात. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असते. त्या सगळ्यात हे प्रमाण गाठायचे तर साडेदहा ग्रॅम संयुग लागेल. ५०० मिलिग्रॅमच्या २१ गोळ्या, त्याही एका वेळी. हा हिशेब ढोबळ आहे, कारण औषध शरीरात सारखे पसरत नाही, यकृत आणि मूत्रपिंड ते सतत बाहेरही टाकत असतात. पण तेवढ्यानेही कळते, की तीन आकडी एमआयसी असलेल्या रेणूला गोळीचे स्वप्न पाहता येत नाही. तो फार तर पुढचा, अधिक चांगला रेणू कसा बनवावा याची दिशा देतो. आणि तो तसा मांडला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

चाचणी फसते कुठे?

नवी संयुगे बहुधा पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ती डीएमएसओ या विद्रावकात विरघळवतात. डीएमएसओ स्वतःच थोड्या जास्त प्रमाणात जिवाणूंची वाढ रोखते. त्यामुळे चाचणीत ते एखाद्या टक्क्यापुरते ठेवावे लागते आणि नुसत्या डीएमएसओचा वेगळा खळगाही लावावा लागतो. तो लावला नसेल, तर वर्तुळ संयुगाचे की विद्रावकाचे, हे कोणी सांगू शकत नाही. संयुग आम्लधर्मी असेल तर नुसत्या आम्लतेनेही वाढ थांबते. संयुग द्रवात साका होऊन बसले, तर नितळ खळगाही गढूळ दिसतो आणि चांगले संयुग नापास ठरते.

वाढ डोळ्यांना नीट दिसावी म्हणून काही ठिकाणी रेझाझुरिन हा निळा रंग टाकतात. जिवंत पेशी त्याचे गुलाबी रंगात रूपांतर करतात. पण काही संयुगे स्वतःच रंगाशी अभिक्रिया करतात. मग खळग्यात जिवंत काहीही नसताना रंग गुलाबी होतो.

याहून अवघड ठरतात ते बहुरूपी रेणू. कोणत्याही चाचणीत टाका, ‘क्रिया आहे’ असेच उत्तर देणारे. ऑस्ट्रेलियातील जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये अशा रचनांची यादीच प्रसिद्ध केली. या रेणूंना ‘पेन्स’ असे नाव पडले. जिवाणूरोधक संयुगांच्या शोधनिबंधांत वारंवार भेटणारी रोडानिन ही रचना त्या यादीत आहे. हळदीतल्या करक्युमिनबाबतही २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने हाच इशारा दिला. हे रेणू नेमका एक घाव घालत नाहीत, दिसेल त्याला चिकटतात. घरच्या हळदीबद्दल हे ऐकून घेणे जड जाते, पण फोडणीतली हळद आणि औषधाचा रेणू यांच्याकडून अपेक्षाच निराळ्या आहेत.

तपासलेले जिवाणू कोणते, हाही मुद्दा दुय्यम नाही. ‘ई. कोलाय’ एवढेच लिहून भागत नाही, वाण कोणता ते सांगावे लागते, म्हणजे दुसऱ्या देशातली प्रयोगशाळा तोच प्रयोग करून पाहू शकते. भारतात असे नोंदणीकृत वाण चंदीगडच्या ‘इम्टेक’मधील एमटीसीसी संग्रहातून आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या एनसीआयएम संग्रहातून मिळतात. सोबत ओळखीचे औषध, जिवाणूंसाठी उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सासिन आणि बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, त्याच दिवशी त्याच पाटीत तपासलेले हवे. शोधनिबंधात हा एक स्तंभ आहे का, एवढे पाहिले तरी निम्मा अंदाज येतो.

ई. कोलाय मरत का नाही?

नवी संयुगे स्टॅफिलोकॉकसवर चालतात आणि ई. कोलायवर फसतात, हे चित्र प्रयोगशाळांत नेहमीचे आहे. ई. कोलाय, क्लेबसिएला, स्युडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू. त्यांच्या पेशीभोवती नेहमीच्या आवरणाबाहेर आणखी एक पटल असते. रेणूला आत जायचे तर त्यातल्या अरुंद छिद्रांतून जावे लागते. एवढे करून आत शिरलाच, तर पेशीतले पंप त्याला बाहेर फेकतात. पाणी भरत असताना नळ बारीक आणि मोरी मोठी असली तर बादली भरत नाही, तसे काहीसे.

म्हणून अनेक प्रयोगशाळा पंप निकामी केलेला ई. कोलायही सोबत तपासतात. संयुग त्याच्यावर चालले आणि नेहमीच्या ई. कोलायवर नाही, तर रेणूत दम आहे पण तो आत टिकत नाही, हे कळते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे पॉल हर्गेनरोदर यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की रेणू ताठ आणि चपटा असेल आणि त्यात अमाइन गट असेल, तर तो ई. कोलायमध्ये शिरण्याची शक्यता वाढते. तोवर हे बरेचसे अंदाजावर चालत होते.

या तटबंदीची किंमत मोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात जिवाणूंच्या निरनिराळ्या प्रथिनांवर लाखो संयुगे तपासण्याच्या ७० मोहिमा राबवल्या. पुढे नेण्याजोगी पाचच संयुगमालिका हाती लागली. जिवाणूच्या प्रथिनाला रोखणारे रेणू सापडत होते. ते जिवाणूच्या आत पोहोचत नव्हते.

बुरशीचे गणित वेगळे का?

एकच संयुग ‘जिवाणूरोधक आणि बुरशीरोधक’ असे वाचले की ते अधिक मौल्यवान वाटते. तज्ज्ञाच्या मनात मात्र आधी शंका येते. जिवाणूची पेशी माणसाच्या पेशीपेक्षा मुळातून निराळी असते. तिला केंद्रक नसते, तिची भिंत निराळी, प्रथिने बनवणारे यंत्र निराळे. त्यामुळे फक्त तिलाच इजा करणारा रेणू सापडू शकतो. बुरशीची पेशी मात्र माणसाच्या पेशीची दूरची नातेवाईक. केंद्रक तसेच, आतली बरीच यंत्रणा तशीच. जो रेणू जिवाणू आणि बुरशी या एवढ्या भिन्न पेशींना सारखाच मारतो, तो माणसाच्या पेशीला का सोडेल?

म्हणूनच बुरशीवरची औषधे मोजकीच आहेत. त्यातली बरीचशी एकाच फरकावर उभी आहेत : माणसाच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. फ्लुकोनॅझोलसारखी अ‍ॅझोल औषधे एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत, अँफोटेरिसिन-बी त्यालाच जाऊन चिकटते. पण कोलेस्टेरॉल आणि एर्गोस्टेरॉल हेही सख्खे नसले तरी चुलत भाऊ. अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना इजा करते ते त्यामुळेच. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा महाराष्ट्रात याच इंजेक्शनसाठी नातेवाइकांनी शहरे पालथी घातली. फ्लुकोनॅझोल त्या बुरशीवर चालत नाही, म्हणून पर्याय जवळपास नव्हता. अमेरिकेत २००१ मध्ये कॅस्पोफंजिनच्या रूपाने बुरशीरोधकांचा नवा वर्ग आला, त्यानंतरचा नवा वर्ग, इब्रेक्साफंजर्प, २०२१ मध्ये. मधली २० वर्षे रिकामी.

बुरशीची चाचणीही जिवाणूंच्या चाचणीची नक्कल करून होत नाही. यीस्टसाठी आरपीएमआय १६४० हे वेगळे माध्यम लागते, वाचन २४ ते ४८ तासांनी करतात. अ‍ॅझोल औषधांत खळगा पूर्ण नितळ होतच नाही, वाढ निम्म्यावर आली की तोच निकाल धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. त्यात सर्वोच्च गटात चार आहेत : क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स. विद्यापीठांच्या शोधनिबंधांत मात्र बहुधा शेवटचीच दिसते, कारण ती मिळवायला आणि हाताळायला सोपी.

माणसाच्या पेशी कधी तपासतात?

लगेच तपासायला हव्यात. संयुग माणसाच्या पेशींवर आणि रक्तावर टाकून पाहतात. तांबड्या पेशी फुटल्या तर द्रव लाल होतो, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ज्या प्रमाणाला माणसाच्या पेशी मरतात, त्याला एमआयसीने भागले की एक गुणोत्तर मिळते. एमआयसी ४ आणि पेशी मरण्याचे प्रमाण ८, तर हे औषध नव्हे, विष.

हे सगळे करण्याची सोय प्रत्येक रसायनशास्त्र विभागाकडे नसते. ही अडचण ओळखून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ मध्ये ‘को-अ‍ॅड’ हा उपक्रम सुरू झाला. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने त्याला पैसा दिला. जगातल्या कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाने आपले संयुग पाठवावे, अगदी मिलिग्रॅमभर. चाचणी मोफत, संयुगावरचा हक्क पाठवणाऱ्याचाच. पहिल्या फेरीत एकच प्रमाण, प्रति मिलिलिटर ३२ मायक्रोग्रॅम, आणि सात शत्रू : मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, चार ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू आणि कॅन्डिडा व क्रिप्टोकॉकस या दोन बुरशी. त्यात टिकले तर एमआयसी, मग मानवी मूत्रपिंडाच्या पेशी आणि तांबड्या रक्तपेशी.

या चाळणीतून किती उरते? २०२० मध्ये या गटाने धातूयुक्त ९०६ संयुगांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यातली ८८ संयुगे किमान एका सूक्ष्मजीवावर चालली आणि मानवी पेशींना त्यांनी इजा केली नाही. म्हणजे सुमारे १० टक्के. धातू नसलेल्या नेहमीच्या सेंद्रिय संयुगांत हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. शंभर संयुगे बनवून एकही हाती न लागणे हे अपयश नसून सरासरी आहे, हे त्या आकड्याने स्पष्ट झाले.

काचेत नापास, उंदरात पास?

असेही झाले आहे, आणि तेही या क्षेत्रातल्या पहिल्याच मोठ्या यशात. जर्मनीत बायर कंपनीचे गेरहार्ड डोमाक कापडाच्या रंगांशी नाते असलेली संयुगे तपासत होते. जोसेफ क्लारर आणि फ्रिट्झ मीट्श ती बनवून देत. १९३२ च्या डिसेंबरमध्ये प्राणघातक स्ट्रेप्टोकॉकस टोचलेल्या उंदरांना एक लाल रंग दिला गेला आणि ते उंदीर वाचले. हेच ते प्रोन्टोसिल. डोमाक यांच्या मुलीच्या हाताचा संसर्ग विकोपाला गेला तेव्हा त्यांनी तिलाही हेच औषध दिले. ती बरी झाली.

गंमत अशी, की परीक्षानळीत प्रोन्टोसिल जिवाणूंना काहीच करत नाही. आजच्या पद्धतीने आधी पाटी, मग उंदीर असा क्रम लावला असता तर ते पहिल्याच दिवशी बाद झाले असते. कोडे १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सुटले. जाक आणि तेरेझ त्रेफुएल, दानिएल बोव्हे आणि फेदेरिको निती यांनी दाखवले, की शरीरात प्रोन्टोसिलचे दोन तुकडे होतात आणि काम करतो तो त्यातला रंगहीन तुकडा, सल्फानिलामाइड. तो १९०८ पासून माहीत होता आणि कोणालाही बनवता येत होता. बायरसाठी ही बातमी फारशी आनंदाची नव्हती. डोमाक यांना १९३९ चे नोबेल जाहीर झाले, पण नाझी राजवटीने ते नाकारायला लावले. पदक हाती आले १९४७ मध्ये.

उलटा प्रकार मात्र रोजचा आहे. पाटीत चमकलेले संयुग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसते, यकृतात मोडते, किंवा मूत्रपिंडातून तासाभरात निघून जाते. पाटीत थोडे रक्तद्रव मिसळून एमआयसी पुन्हा मोजली, तरी अनेक संयुगांचा आकडा झपाट्याने चढतो.

पाटीपासून औषधापर्यंत किती काळ?

लिनेझोलिडच्या घराण्यातील संयुगे ड्युपाँट कंपनीने १९७० च्या दशकात बनवली ती वनस्पतींच्या रोगांसाठी. १९८७ मध्ये त्यातले एक माणसांच्या जिवाणूंवर चालते असे तिने मांडले, पण उंदीरवर्गीय प्राण्यांत विषारीपणा दिसल्याने काम थांबले. अपजॉन कंपनीने रचना बदलत नेली आणि अमेरिकेत लिनेझोलिडला मान्यता मिळाली ती २००० मध्ये. आज औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या उपचारातही ते आहे.

महाराष्ट्रातले उदाहरण ताजे आहे. वोखार्ट कंपनीच्या छत्रपती संभाजीनगर येथील संशोधन केंद्रातून निघालेले नॅफिथ्रोमायसिन. न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, तीन दिवस घ्यायचे हे प्रतिजैविक केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झाले. सरकारी निवेदनानुसार त्यामागे १४ वर्षे आणि ५०० कोटी रुपये लागले, रुग्णचाचण्या अमेरिका, युरोप आणि भारतात झाल्या. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.च्या मुदतीत बनलेल्या दहा-पंधरा संयुगांकडून ‘नवे औषध’ मागणे किती अवाजवी आहे, ते या दोन आकड्यांशेजारी ठेवून पाहावे.

नापास संयुगांचे काय होते?

बहुतेक वेळा काहीच नाही. ‘तपासले, चाललेले नाही’ असा शोधनिबंध सहसा कोणी छापत नाही. संयुगाची कुपी फ्रीजमध्ये जाते, विद्यार्थी बाहेर पडतो आणि दुसऱ्या शहरातला दुसरा विद्यार्थी तेच संयुग पुन्हा बनवतो.

संगणकाने या कुप्यांना अनपेक्षित भाव आणला आहे. अमेरिकेत एमआयटीतील जेम्स कॉलिन्स आणि रेजिना बार्झिले यांच्या गटाने २०२० मध्ये हॅलिसिन या रेणूचा शोध जाहीर केला. मूळचा मधुमेहासाठी अभ्यासला गेलेला हा रेणू अनेक औषधरोधी जिवाणूंवर चालतो, हे त्यांच्या प्रणालीने हेरले. पण त्या प्रणालीचे शिक्षण कशावर झाले? आधी २,३३५ संयुगे ई. कोलायवर प्रत्यक्ष तपासण्यात आली, त्याच जुन्या पद्धतीने, खळग्यांच्या पाटीत. त्यातली १२० चालली, उरलेली २,२१५ नापास. नापास संयुगे नसती तर कोणता रेणू चालणार नाही हे यंत्राला कळलेच नसते. शिकून झाल्यावर त्याने सहा हजारांवर संयुगांमधून वरची ९९ निवडून दिली. मग माणसांनी ती पुन्हा पाटीत टाकली आणि सकाळी मोजणी केली. ५१ खळग्यांत वाढ थांबली होती, ४८ मध्ये नाही.